जळितें: अपघात किती, अपराध किती?

जळून मेलेल्या स्त्रीच्या मरणाचें कारण आपल्याकडे वर्षानुवर्षें एकाच वाक्यांत सांगितलें गेलें: स्वयंपाक करतांना स्टोव्हचा भडका उडाला. हें वाक्य इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, तें वाचून कोणी थबकत नाहीं. आज आमच्या वाचकांनीं क्षणभर थबकावें, अशी आमची विनंति आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें असा अंदाज केला कीं, २००१ या एका वर्षीं भारतांत आगीमुळें सुमारें १,६३,००० मृत्यु झाले व त्यांपैकीं सुमारें १,०६,००० स्त्रियांचे होते. तरुण वयांत तर स्त्रियांचे मृत्यु पुरुषांच्या सरासरी तिप्पट! पोलिसांच्या आंकड्याहून हा एकंदर आंकडा सहापट होता.

विस्तवाशीं गांठ स्त्रीचीच अधिक, हें खरें. जमिनीवरचा स्टोव्ह, लोंबणारा नायलॉनचा पदर, पंप मारतांना उडणारें रॉकेल यांनीं पुष्कळ बळी घेतले, हेंहि खरें. परंतु जन्मभर चुलीपाशीं वावरलेली सासू सुखरूप राहावी आणि नवी सून जळावी, असें वारंवार कां घडावें? विस्तवास नातें कळत नाहीं. कांहीं जळितें अपघात होत, कांहीं छळास कंटाळून केलेला आत्मघात, आणि कांहीं उघड खून. नोंद मात्र तिहींची एकच!

हुंडाबळी हा १९८६ सालीं स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८० व्या कलमांत आहे. पण हें कलम मरणानंतर जागें होतें, आणि पुरावा पुष्कळदां मरणोन्मुख स्त्रीच्या जबानीवर अवलंबून राहतो. उशाशीं नवरा बसलेला व मुलें सासरच्या ताब्यांत, अशा स्थितींत ती काय बोलणार? प्रत्येक जबानी नातलगांस बाहेर काढूनच घेतली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भाजलेल्या अंगावर वीस मिनिटें गार वाहतें पाणी सोडावें, तूप वा शाई लावूं नये, हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें. परंतु मुख्य उपाय आईबापांच्या हातीं आहे. छळाची कहाणी सांगत माहेरीं आलेल्या मुलीस 'लोक काय म्हणतील' म्हणून परत धाडूं नका. तिच्या मरणाची फिर्याद देण्यापेक्षां तिच्या जिवंतपणीं घराचें दार उघडणें, हाच खरा पुरुषार्थ होय.