टोपणाला भोक हवे

जुनी वस्तू घरात जरूर असावी. जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस मात्र घरात असू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. हे मत तिने ग्रामोफोनच्या वेळी बनवले, लंबकाच्या घड्याळाच्या वेळी पक्के केले आणि यंदाच्या श्रावणात जावा मोटारसायकल दारात उभी राहिली तेव्हा ते शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात मांडले. तिचा मुद्दा असा, की नव्वद हजार रुपये स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी बाजूला ठेवले होते आणि ओट्यावर निदान पोळ्या तरी लाटता येतात. माझा मुद्दा असा, की ओटा केव्हाही मिळतो, अशी गाडी पुन्हा मिळत नाही. दोन्ही मुद्दे बिनतोड असल्यामुळे वाद मिटला नाही, नुसता थांबला.

ज्यांनी बटण दाबून सुरू होणाऱ्याच गाड्या पाहिल्या आहेत अशा तरुण वाचकांसाठी जावाची थोडी कुळकथा सांगायला हवी. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल करायला घेतली आणि आपल्या नावातली पहिली दोन अक्षरे व वांडररमधली पहिली दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी बनू लागली. पुढे तिचीच ‘येझदी’ झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा या नावाने २०१८ पासून पुन्हा गाड्या निघू लागल्या आहेत. पण आमची ती नव्हे. आमची १९६८ सालची. अडीचशे सीसी, सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. ज्या दांड्याने किक मारायची तोच फिरवला की गियरचा दांडा होतो. एकाच माणसाने हेडक्लार्क आणि शिपाई दोन्ही कामे करावीत तसा हा काटकसरी काळ!

गाडीचे मालक शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या एका गल्लीत राहणारे काका. वय ब्याऐंशी. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतली बचत घालून त्यांनी ती नवी कोरी घेतली आणि मागे काकूंना बसवून वेरूळ, पैठण, दौलताबाद सगळे पालथे घातले. तेव्हाचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेले आमचे शहर दरवाजांच्या आत मावत होते, तेव्हापासूनची ही जोडी. मग विकता का, असे मी विचारले तेव्हा काका म्हणाले, “दोन वर्षांपासून हिला दम लागतो हो. दोन-तीन किलोमीटर गेली की बसकण मारते. एकदा आषाढात भर पावसात, काकू मागे असताना, तीनदा थांबली. मुलगा म्हणाला, बाबा, आता पुरे. मलाही दम लागतोच. दोघांना एकाच दिवशी सेवानिवृत्त केलं.”

कागदपत्रे चोख होती. पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येते, तसा नियम २०२१ साली झाला. पण त्यासाठी वीस हजार रुपये भरायचे आणि वर ती रोजच्या कामाला काढायची नाही. गाडी घ्यायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची, हे मला पटण्यासारखे नव्हते. तेव्हा मी साधीच नोंदणी कायम ठेवली आणि गाडी नावावर करून घेतली.

दम मात्र खरोखरच लागत होता. शहागंजातून निघावे, सिटी चौकापर्यंत गाडी गाणे म्हणत जावी, गुलमंडीला सूर जरा घसरावा आणि पैठण गेटपाशी एकदम मौनव्रत! मग मी उतरायचे, दहा किका मारायच्या, घाम पुसायचा, टोपण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहायचे, ‘आहे की’ असे म्हणायचे आणि अकराव्या किकेला गाडी सुरू व्हायची. पुन्हा दोन-तीन किलोमीटर. पैठण गेटचा एक रसवंतीवाला तर मला पाहिले की न विचारता ग्लास भरू लागला.

मिस्त्री आम्हाला चांगले लाभले. चमनच्या पलीकडे त्यांचे दुकान, दुकान म्हणजे एक पेटी आणि एक लिंबाचे झाड. पन्नास वर्षे दुचाकींच्या पोटात हात घातलेला माणूस. त्यांनी गाडीकडे एकदा पाहिले आणि निदान केले, “कुच नै साब, कारबोरेटर में कचरा है. अब्बी निकालतूं.”

कार्बुरेटर या यंत्राविषयी माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे. वाचकहो, पेट्रोल नुसते जळत नाही, त्याला हवा लागते; आणि किती? वजनाने एका भागाला जवळजवळ पंधरा भाग. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा! आपण पंपावर पैसे पेट्रोलचे मोजतो, पण गाडी चालते ती बहुतांशी फुकटच्या हवेवर. हे कालवण नीट जमवणारा आचारी म्हणजे कार्बुरेटर. त्याच्या गळ्याची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद वाटेत हवा वेगाने धावते, तिचा दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल ‘जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन फवाऱ्यासारखे तिच्यात मिसळते. अशा फवाऱ्याचा कार्बुरेटर जर्मनीत मायबाख याने १८९३ साली केला. वाटीतली पातळी सांभाळायला आत एक फ्लोट असतो, गच्चीवरच्या टाकीत पाणी थांबवणारा गोळा असतो ना, त्याचाच धाकटा भाऊ. २०२० साली प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर नव्या दुचाकींतून हा आचारी जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी मोजूनमापून पेट्रोल सोडणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. आमच्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, दुचाकींचे गाव आमचे. पण तिथल्या पोरांनाही आता जेट साफ करायला शिकवावे लागेल.

मिस्त्रींनी कार्बुरेटर उघडला. वाटीच्या तळाशी डिंकासारखा पिवळा थर, कारण गाडी दोन वर्षे उभी होती आणि पेट्रोल आतच वाळले होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; ते ओल धरते आणि जुन्या गाड्यांचे रबर आणि बुचाचे वायसर खराब करते, हेही त्यांनी समजावले. “उसाची पीती है अब, पुरानी बाई को जमता नै,” असे त्यांचे म्हणणे. त्यांनी जेट हवेने फुंकून साफ केले. सुई किंवा टाचणी घालू दिली नाही. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले तर जन्माचे बिघडते. वायसर बदलले. प्लग काढून दाखवला. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर हवा जास्त आणि दट्ट्या अडकायची भीती, दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर घर सुखी. आमचा प्लग चहासारखाच होता! आणि झाडाच्या फांदीला सलाईनची बाटली टांगून तिच्यातले पेट्रोल नळीने कार्बुरेटरला जोडले, तेव्हा गाडी अर्धा तास एका लयीत चालली. डॉक्टरांच्या समोर पोराचा ताप उतरावा तसे झाले. टाकीला जोडून रस्त्यावर आलो, पैठण गेटला रसाचा ग्लास तयार होता.

असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

मग एका रविवारी सौ. म्हणाली, “पाणचक्कीपर्यंत चला, बघू तरी कशी चालते.” मागच्या सीटवर बसायची तिची ती पहिलीच वेळ. जुना बाजार ओलांडला आणि भडकल दरवाजापाशी, मलिक अंबरने १६१२ साली बांधलेल्या त्या कमानीच्या साक्षीने, गाडीने डोळे मिटले. सौ. एक शब्द न बोलता उतरली. असे न बोलणे किती बोलके असते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. तिने टाकीचे टोपण फिरवले आणि कान पुढे केला.

“अहो, ऐकलंत? स्स करून हवा आत गेली.”

“गेली असेल.”

“गेली असेल काय? गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं? गुचगुच करून थांबतं. दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. तुमच्या टाकीला दुसरं भोक कुठंय?”

आम्ही टोपण उलटे करून पाहिले. छिद्र होते, सुईच्या अग्राएवढे. ते राखी रंगाच्या लांबीने नीट बुजवले होते, वरून बोटाने सारवून. टाकीतून पेट्रोल खाली जाई, त्याच्या जागी हवा येईना, दोन-तीन किलोमीटरमध्ये आत पोकळी होऊन पेट्रोल लटकून राही. मी टोपण उघडून ‘आहे की’ म्हणायचो तेवढ्यात टाकी श्वास घ्यायची. आणि सलाईनच्या बाटलीला तर टोपणच नव्हते! सौ.ने पदराची पिन काढून लांबी उकरली आणि आम्ही पाणचक्कीलाच काय, पुढे दोन तास साऱ्या शहरभर हिंडलो. पैठण गेटला थांबलो ते आपखुशीने. आमच्या गावच्या जुन्या नहरींच्या वाटेवरही उंच मनोरे उभे केलेले आहेत, ते नळांतल्या हवेची सोय म्हणूनच. ज्यांनी डोंगरातले पाणी गावात आणले त्यांना हे ठाऊक होते आणि आमच्या स्वयंपाकघरातही ठाऊक होते. मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, “हौ भाभी, बराबर है. हम तो कारबोरेटर कूच देखते रैगये.”

मामला इथे संपायला हरकत नव्हती. पण रात्री जेवताना सौ. म्हणाली, “काकांना सांगायला हवं.” मी म्हटले, सांगू की, सवडीने. ती म्हणाली, “सवडीनं नाही. त्यांनी गाडी म्हातारी झाली म्हणून विकली. ती म्हातारी झालेलीच नव्हती. परत हवी असेल तर परत द्यायची.” माझा घास तोंडातच राहिला. नव्वद हजारांची वस्तू आता दीड लाखाची झाली होती, आणि पैशापेक्षाही, ती आता चालत होती! पण तिचे म्हणणे खोडून काढता येईना. एका बुजलेल्या भोकापायी आपल्याला मिळालेली वस्तू, भोक सापडल्यावरही आपली म्हणून गप्प बसायचे, तर त्या रसवंतीवाल्यालाही तोंड दाखवणे कठीण.

दुसऱ्या दिवशी शहागंजात गेलो. काकांनी टोपण हातात घेतले, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. मग हळूच म्हणाले, “गाडी उसळली की या भोकातून चार थेंब पँटवर उडायचे. मुलगा म्हणाला, बाबा, कपडे खराब होतात, बुजवून आणतो. कुठल्याशा गॅरेजात नेऊन त्यानं बुजवलं.” थोडे थांबून म्हणाले, “खरंच, त्यानंतर एक थेंब सांडला नाही.”

मुलगा तिथेच होता. काही बोलला नाही. चांगला मुलगा आहे. काका पडू नयेत म्हणून जिना उतरू देत नाही, उन्हाचे बाहेर सोडत नाही, भाजी आपणच आणून देतो. त्याच्या प्रेमात खोट काढायला जागा नाही, आणि अडचण तीच होती.

मी गाडी परत देऊ केली. काका हसले. “गुडघे किक मारत नाहीत आता. तुमच्याकडेच राहू द्या.” मग मुलाकडे पाहून म्हणाले, “पण मागं बसायला गुडघे लागत नाहीत.”

मुलाने बराच वेळ विचार केला. मग आतून हेल्मेट आणून दिले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमची फेरी असते. काका मागून माझे गियर चुकले की खांद्यावर टिचकी मारतात. एकदा काकूंनी आपला नंबर कधी, असे विचारले. तो प्रश्न विचाराधीन आहे. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावले, तेव्हा सौ.ने टोपणावरही एक बोट ओढले, छिद्र सांभाळून.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे, की कार्बुरेटर उघडण्याआधी टोपण सैल करून एकदा कान लावून पाहा. गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर नळ बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, डिंक साचणार नाही. आणि घरात कोणी वडीलधारे खिडकीपाशी बसून दम लागतो म्हणत असतील, तर त्यांना तपासायला डॉक्टर आहेतच. पण आपण काळजीपोटी त्यांचे कुठले भोक बुजवले नाही ना, तेही पाहावे. चार थेंब सांडले तर सांडले.

ओट्याचे काम पुढच्या वर्षी होणार आहे. तारीख सौ. ठरवणार आहे, आणि पैसे कुठून येणार तेही तीच.