अंदमानच्या वस्तू कशा मिळाल्या, ते नोंदवा : मागणीपत्र

प्रति,
सचिव, सांस्कृतिक मंत्रालय, भारत सरकार,
तसेच अंदमानचे संग्रह सांभाळणारी देशातील व परदेशांतील संग्रहालये

महोदय/महोदया,

आमच्या संघटनेत संग्रहालयशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि निवृत्त अभिरक्षक आहेत. अंदमानी वस्तू मुळात कोणत्या व्यवहारातून हाती आली, हे तिच्या नोंदीत आलेच पाहिजे, ही आमची मुख्य मागणी आहे.

अंदमानी बाणाचे लोखंडी टोक पाहा. बेटांवर लोखंड गाळत नसत. ते फुटलेल्या जहाजांतून मिळे. १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत झाल्यावर तिथूनही मिळू लागले. बेटवासीयांनी ते ठोकून, घासून बाणांना आणि तासण्यांना बसवले. बाटल्यांच्या काचेच्या कपच्या काढून ते डोकी भादरू लागले. परक्या वस्तूचे काय करायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवले. अशा बाणाला ‘आदिम हत्यार’ म्हणून मोकळे होणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

पण सगळे व्यवहार राजीखुशीचे नव्हते. १८६३ पासून सरकार अंदमानी लोकांना ठेवण्यासाठी ‘अंदमान होम’ चालवत होते. तिथे ठेवलेल्या बाईने दिलेली टोपली ही भेट मानायची का? १८८० मध्ये पोर्टमन या अधिकाऱ्याने उत्तर सेंटिनल बेटावरून एक वृद्ध जोडपे आणि चार मुले पकडून पोर्ट ब्लेअरला नेली. जोडपे दगावले, मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडले. त्या भेटवस्तूंनाही देवाणघेवाण म्हणायचे का? हे सगळे चालू असतानाच, १८७७ मध्ये, गोवराची साथही आली. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी समाजाचे केवळ १९ लोक उरले होते.

एडवर्ड हॉरेस मॅन या अधिकाऱ्याने जमवलेल्या वस्तू पिट रिव्हर्स या इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात गेल्या. तो संग्रह १८८४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला मिळाला. तिथल्या आणि आपल्याकडच्या नोंदी एकत्र जुळवाव्यात. विकत घेतलेली, भेट मिळालेली, ‘होम’मध्ये करवून घेतलेली, मोहिमेत रिकाम्या वस्तीतून उचललेली असा फरक दाखवावा. पुरावा नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. मंत्रालयाने यासाठी निधी द्यावा.

ग्रेट अंदमानी आणि ओंगी समाजांना या वस्तूंची छायाचित्रे व नोंदी त्यांना हव्या त्या रूपात विनामूल्य मिळाव्यात. काय प्रदर्शित करायचे आणि काय परत मागायचे, हे ते सांगतील. मानवी अवशेष त्यांच्या संमतीशिवाय मांडू नयेत.

सेंटिनली लोकांना मात्र यातले काहीही विचारायला कोणी जाऊ नये. संमती घेण्याच्या निमित्तानेही त्यांच्या किनाऱ्याला होडी लागता कामा नये.

कळावे,
संघटनेच्या वतीने
अध्यक्ष व सचिव