टेन्शन म्हणजे नेमकं काय?

आठवी-नववीच्या मुलांना ‘काय झालं?’ असं विचारून पाहा. बहुतेकांचं उत्तर एकच असतं : ‘टेन्शन आलंय.’ घरी अम्मीने विचारलं तरी ‘मेरेकू टेन्शन हाय.’ गणिताचा पेपर अवघड गेला, टेन्शन. मैत्रिणीने बोलणं टाकलं, टेन्शन. अब्बूंचं काम सुटलं, तेही टेन्शनच.

खरं तर आपली मुलं भाषेच्या बाबतीत श्रीमंत आहेत. घरात दखनी, मदरशात उर्दू-अरबी, शाळेत मराठी. उर्दूत खौफ वेगळा, फिक्र वेगळी, घबराहट वेगळी, शर्मिंदगी आणि मायूसी आणखी वेगळी. मराठीत धास्ती आहे, हुरहूर आहे, ओशाळणं आहे, मन खट्टू होणं आहे. घरात इतके डबे असून मूल हळद, मीठ, साखर सगळं एकाच डब्यात कोंबतं. मग हवं ते सापडणार कसं?

नववीतला एक मुलगा आठवडाभर वर्गात कुणावरही धावून जात होता. विचारलं तर टेन्शन. मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पाच शब्द लिहिले : गुस्सा, खौफ, फिक्र, शर्मिंदगी, उदासी. ‘यातलं कुठलं?’ बऱ्याच वेळाने त्याने शर्मिंदगीवर बोट ठेवलं. थोरल्या भावाने गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली मारली होती. वर दिसत होता तो राग, आत होती शरम. रागासाठी त्याला शिक्षा करत राहिलो असतो तर शरम वाढतच गेली असती.

नाव दिल्याने मन का हलकं होतं, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतले मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतली धोक्याची घंटा, म्हणजे अमिग्डाला नावाचा भाग, शांत होताना दिसला.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात राग, भीती, दुःख आणि वसवसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले : एक, ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं, दुसरं, ज्याचं कारण सापडत नाही आणि ज्याचं मूळ शरीरात असू शकतं. हजार वर्षांपूर्वी आपल्या आलिमाला जे मान्य होतं, ते आज उदास मुलीला ‘तुझा ईमान कमजोर आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मान्य नसावं, याचं मला वाईट वाटतं.

‘सब्र कर’ हेही आपण फार लवकर म्हणतो, बहुतेक वेळा मुलाचं रडणं थांबावं म्हणून. सूरह यूसुफ वाचा. हजरत याकूब (अ.) उत्तम सब्राची गोष्ट करतात, आणि तेच मुलाच्या विरहात इतकं दुःख करतात की त्यांचे डोळे पांढरे पडतात. सब्र आणि अश्रू एकाच माणसात, एकाच वेळी.

रागाच्या भरात मात्र शब्द विचारू नयेत, तेव्हा आधी शरीर. उभ्या माणसाने बसावं, तरीही राग ओसरला नाही तर आडवं व्हावं, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. चिडलेल्या मुलाला ‘उभा राहा, माझ्याकडे बघून बोल’ म्हणणारे आपण अगदी उलटं करतो. पाणी द्यावं, बसू द्यावं. चौकशी जेवणानंतर.

काही गोष्टी घरात सुटत नाहीत. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलं, दोस्त सुटले, अभ्यासात मन लागेना, तर डॉक्टरांना दाखवावं. अशा वेळी घरात बहुधा मुलाची फजर चुकते एवढंच दिसतं. तो रात्रभर जागा होता हे दिसत नाही. मूल मरणाची भाषा बोललं तर दोन आठवडे थांबायचं नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये आणि लगेच मदत मिळवावी.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले किंवा जामखेडहून नगरला तज्ज्ञाकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, भाडं वेगळं. म्हणून हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा : १४४१६. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. मूल तयार नसेल तर त्याच्याबद्दल विचारायला अम्मीने किंवा अब्बूंनी फोन लावला तरी चालतो.