शेजाऱ्याच्या आकड्याची वाट

फ्रान्सच्या सँ-व्हनाँ यांनी १८७१ साली उथळ प्रवाहाची समीकरणे मांडली आणि पुराला गणिताची भाषा मिळाली. ती पुराच्या वेगाने बोलायला मात्र माणसाला शतकाहून अधिक काळ लागला. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका पथकात असताना लुईस फ्राय रिचर्डसन यांनी प्रवाहाच्याच समीकरणांनी केवळ सहा तासांच्या हवामानाचा हिशेब हाताने केला. त्याला आठवडे लागले आणि उत्तरही साफ चुकले. तरीही १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ६४,००० गणकांचे एक नाट्यगृह कल्पिले: प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, प्रत्येकाचे आकडे शेजाऱ्याला दिसतील असे, आणि मधल्या मनोऱ्यावरचा सूत्रधार पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी, मागे पडणाऱ्यांवर निळा झोत टाकणारा. आजची समांतर संगणना तत्त्वतः हेच करते.

वेग हवा कशाला, याचे उत्तर १९२८ साली कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांच्या अटीत मिळाले. हिशेबासाठी जमिनीवर कल्पिलेल्या जाळीच्या चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, आणि काम आठपट वाढते.

हा वेग हाताशी नसताना, २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फ्रान्समधले मालपासे धरण फुटून चारशेहून अधिक माणसे गेली. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचे पाणशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फोडले. प्रवाहांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्याच खडकवासल्याला होती. ज्ञान नदीकाठीच होते, पण ते तासांत बोलेल असे यंत्र नव्हते. त्याच पुण्यात १९९१ साली सी-डॅकचा 'परम ८०००' महासंगणक उभा राहिला, आणि आता संगणकीय खेळांची चित्रे रंगवण्यासाठी घडवलेले ग्राफिक्स प्रोसेसर लाखो चौकटी एकाच वेळी सोडवतात.

तरी रिचर्डसन यांच्या सूत्रधाराची अडचण सुटलेली नाही. नदीचे खोरे तुकड्यांत वाटले की प्रत्येक प्रोसेसरला दर पावलाला शेजाऱ्याकडून सीमेवरची खोली आणि वेग लागतो. ज्यांच्या वाट्याला कोरडी जमीन आली ते रिकामे बसतात, पात्रातले राबतात, आणि सर्वात मागे पडलेला सगळ्यांना थांबवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडत असताना कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून किती विसर्ग व्हावा हा दोन राज्यांतला वादाचा विषय ठरला, तेव्हा हेच गणित माणसांच्या रूपात दिसले. कोयना धरणाच्या दरवाजांचा, आलमट्टीच्या पातळीचा आणि गाळाने उथळ झालेल्या पात्राचा ताजा आकडा हीसुद्धा सीमेवरचीच माहिती आहे. ती तासाभराने आली, तर काही मिनिटांत सुटणारे समीकरणही तासभर शेजाऱ्याची वाट पाहत थांबते, आणि कृष्णेचे पाणी तोवर घाटाच्या पायऱ्या चढत राहते.