तुटण्यापूर्वी इशारा देणारे कंपोझिट

‘टायटॅनिक’च्या अवशेषांच्या दर्शनासाठी निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात चिरडली गेली आणि आतील पाचही जणांचा क्षणार्धात अंत झाला. तिचा मुख्य दंडगोल कार्बन तंतूंच्या कंपोझिटचा होता. अमेरिकी तटरक्षक दलाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही दुर्घटना टाळता आली असती, असा स्पष्ट निष्कर्ष आहे. जुलै २०२२ मधील एका फेरीच्या अखेरीस मोठा आवाज झाला होता व संवेदकांच्या नोंदीही बदलल्या होत्या. मात्र त्यांचा अर्थ लावून पाणबुडी थांबविण्यात आली नाही. या दुर्घटनेने अभियंत्यांचा एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. पदार्थ किती बळकट आहे एवढेच पाहून भागते काय, की तो कसा तुटतो हेही तितकेच महत्त्वाचे मानावे?

पोलाद मोडण्यापूर्वी वाकते. पूल, इमारती, यंत्रे यांची सुरक्षितता बऱ्याच अंशी पोलादाच्या या गुणावर उभी आहे. कार्बन तंतूंचा स्वभाव नेमका उलट. वजनाच्या मानाने त्यांचे बळ अफाट. परंतु लांबी साधारण दीड ते दोन टक्क्यांनी वाढेपर्यंत ते ताण निमूटपणे सोसतात आणि मग एकदम तुटतात. असे असूनही ‘बोइंग ७८७’च्या सांगाड्याचा वजनाने सुमारे निम्मा भाग आणि भारताच्या ‘तेजस’चा सुमारे ४५ टक्के भाग कंपोझिटचा आहे. ही विमाने सुरक्षित ठरतात ती सावध आरेखनामुळे. हत्यार पडून झालेली, डोळ्यांना न दिसणारी इजा, जोडणीसाठी पाडलेली छिद्रे आणि अचानक तुटण्याचा धोका लक्षात घेऊन तंतूंच्या क्षमतेचा काही अंशच प्रत्यक्ष वापरला जातो. म्हणजेच ठिसूळपणाची किंमत जादा वजनाच्या रूपाने मोजावी लागते.

या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठ व लंडनचे इंपिरियल कॉलेज यांनी २०११ मध्ये एक संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्यातील एक कल्पना वरकरणी साधी होती. काचतंतूंच्या दोन थरांमध्ये कार्बन तंतूंचा पातळ थर बसवायचा. काचतंतू कार्बनपेक्षा बरेच अधिक ताणले जातात. त्यामुळे कार्बन तुटला तरी भार पेलणारा दुसरा घटक शिल्लक राहतो.

अर्थात, नुसती मिसळण पुरेशी नाही. कार्बनचा थर जाड असेल, तर तो तुटताक्षणी साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते, शेजारचा काचेचा थर सोलून निघतो आणि भार कोसळतो. थर मात्र पुरेसा पातळ, म्हणजे नेहमीच्या सुमारे ०.१२५ मिलिमीटरऐवजी ०.०३ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर एका ठिकाणच्या तड्यातून सुटणारी ऊर्जा थर सोलण्यास अपुरी पडते. भार काचेमार्फत पलीकडच्या अखंड कार्बनकडे जातो, तेथे दुसरा तडा जातो, मग तिसरा. कार्बनचे असे असंख्य तुकडे होत असताना भार जवळजवळ स्थिर राहतो आणि लांबी वाढत जाते. मूळचे दोन्ही तंतू ठिसूळच. परंतु त्यांच्या रचनेतून पोलादासारखी वागणूक साधते. मात्र तुकडे झाल्यावर उरलेला भार पेलण्याइतकी काच असणे अनिवार्य आहे.

याचा आणखी एक लाभ आहे. काचेचा थर अर्धपारदर्शक असल्याने तडे गेलेल्या जागी काळ्या पृष्ठभागावर फिकट पट्टे उमटतात. मर्यादेबाहेर ताण पडल्याची ही खूण तार किंवा बॅटरीविना नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

तथापि, हा सर्वरोगहर उपाय नव्हे. काच मिसळल्याने निव्वळ कार्बनच्या तुलनेत ताठपणा घटतो. अतिशय पातळ थर तयार करणे व ते एकेक रचणे खर्चिक आहे. एकदा झालेले तुकडे पुन्हा सांधत नाहीत, त्यामुळे तो भाग बदलावाच लागतो. शिवाय या पद्धतीचे यश प्रामुख्याने ताणाखाली सिद्ध झाले आहे. दाबाखाली तंतू वेगळ्या रीतीने मोडतात आणि ‘टायटन’वर तर खोल समुद्राचा प्रचंड दाब होता. या थरांनी ती पाणबुडी वाचली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तरीही या संशोधनामागील विचार मोलाचा आहे. अपयश कधीच येणार नाही अशी हमी कोणताही पदार्थ देऊ शकत नाही. ते टप्प्याटप्प्याने यावे, एवढी तजवीज आरेखनात करता येते. त्यासाठी थोडे बळ सोडावे लागले तरी तो सौदा अनेक ठिकाणी शहाणपणाचा ठरेल. मात्र पदार्थाने दिलेली सूचना वाचणारा आणि ती वाचून काम थांबविण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे हवा. ‘टायटन’च्या बाबतीत सूचना मिळाली होती, उणीव होती ती तिची दखल घेण्याची.