गल्ल्याचं यंत्र आणि उरलेली भाजी

सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. गेली सहा वर्षं त्या घरातूनच पोळीभाजी केंद्र चालवतात. हाताला चव आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. पण आता पलीकडच्या चौकात दुसरं केंद्र निघालं. तिथे छापील बिल मिळतं, सगळं कसं चकाचक. यांच्याकडे मात्र हल्ली रोज रात्री पातेल्यात भाजी उरते. मुलगा म्हणतो, "आई, आपणही बिलाचं सॉफ्टवेअर घेऊ." दोन महिन्यांची कमाई त्यात घालावी का, असं त्या विचारतात.

ताई, छापील बिलापुरतंच घेणार असाल तर मुळीच घेऊ नका. आज ते त्यांच्याकडे आहे, उद्या तुमच्याकडे येईल, परवा कोपऱ्यावरच्या वडेवाल्याकडेही. जे सगळ्यांनाच विकत मिळतं, त्याच्या जोरावर कोणी फार दिवस पुढे राहत नाही. यंत्राला आपण काय विचारतो, हे महत्त्वाचं. याचं एक उदाहरण जपानमधलं आहे, आणि तेही खाण्याच्याच धंद्यातलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९७४ साली टोकिओच्या तोयोसु भागात 'सेव्हन-इलेव्हन'चं जपानमधलं पहिलं दुकान उघडलं. मूळ कंपनी अमेरिकेची. (आपल्या अंधेरीतही २०२१ साली त्यांचं दुकान निघालं.) दुकानं लहानच, त्यामुळे न खपणारी वस्तू फळीवर ठेवणं परवडणारं नव्हतं. १९७८ साली त्यांनी ओनिगिरी, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके, विकायला काढले. तेव्हा शंका निघाली की हे तर घरोघरी करतात, विकत कोण घेणार? आपल्याकडे विकतच्या पोळीलाही अशीच नाकं मुरडली होती, आठवतं ना? पुढे त्याच मुटक्यांवर त्यांचा केवढा तरी धंदा झाला.

१९८२ पासून त्यांनी दुकानांतून संगणकी गल्ले बसवायला सुरुवात केली. असे गल्ले अमेरिकेत आधीच होते, पण तिथे त्यांचा उपयोग मुख्यतः हिशोबातल्या चुका आणि चोऱ्या टाळायला होई. जपान्यांनी त्याला निराळंच काम दिलं. कोणती वस्तू किती वाजता गेली, ते टिपायचं. गिऱ्हाईक बाई की पुरुष आणि वय साधारण किती, याचंही बटण गल्ल्यावरचा माणूस दाबत असे. (त्याने आपलं वय काय धरलं हे दिसलं असतं, तर कितीजणी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या असत्या, देव जाणे!)

पण खरी गंमत पुढेच आहे. उद्याचा माल किती मागवायचा, हे ते यंत्रावर सोपवत नसत. ते काम दुकानातल्या माणसाचं, अगदी अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचंसुद्धा. आधी अंदाज बांधायचा, मग माल मागवायचा, आणि अंदाज खरा ठरला का ते दुसऱ्या दिवशी आकड्यांवरून ताडून पाहायचं. या धंद्याचे प्रमुख तोशिफुमी सुझुकी एक उदाहरण देत. समुद्राकाठी मासे धरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर दुकान आहे, उद्या रविवार आहे, ऊन पडणार आहे. मग आंबट आलुबुखाराचं सारण भरलेले मुटके जास्त मागवा, कारण ते उन्हात लवकर खराब होत नाहीत. आता सांगा, हे काय संगणकाला सुचणार होतं? १९८७ पासून भाताचे पदार्थ दिवसातून तीनदा पोचवायलाही त्यांनी सुरुवात केली. माल थोडाथोडा आणि ताजा.

सगळंच गोड झालं असं नाही हं. उरलेलं अन्न टाकायचं नाहीतर स्वस्तात विकायचं, यावरून कंपनी आणि दुकानदारांत वाद झाला. दुकानदारांना भाव उतरवू देत नाही म्हणून २००९ साली तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला ताकीद दिली. यंत्र कितीही हुशार असलं, तरी उरलेल्याचा भुर्दंड कोणी सोसायचा हा प्रश्न राहतोच. तुमच्या घरी तो तुम्हीच सोसता, ताई.

तेव्हा आधी बिनखर्चाचं करा. गिऱ्हाइकं फोनवरून पैसे देतात ना? त्या प्रत्येक रकमेपुढे वेळ आपोआप नोंदलेली असते. एक महिन्याचं मुलाला काढून द्यायला सांगा. दुपारी किती, सातच्या सुमारास किती, साडेआठनंतर किती, ते लगेच दिसेल. रोखीचं तेवढं हाताने लिहा. शेजारी वार, पाऊस, संकष्टी-एकादशी, जवळच्या शाळेची परीक्षा, जे वेगळं असेल ते लिहा. पावसाच्या संध्याकाळी पिठलं आधी संपतं की पालेभाजी, हे आपल्याला वाटतं एक आणि निघतं भलतंच.

आणि एक रकाना हवाच हवा, जो कुठलंच बिलाचं यंत्र आपणहून भरत नाही: 'मागितलं, पण नव्हतं'. यंत्राला फक्त विकलेलं कळतं. दारातून रिकाम्या हाताने परत गेलेली बाई त्याला दिसत नाही, आणि पलीकडच्या चौकात जाते ती तीच.

व्हॉट्सॲपचा धंद्यासाठी निराळा प्रकार फुकट मिळतो. त्यात गिऱ्हाइकांच्या नावांवर खुणा करता येतात, 'कांदा-लसूण नको', 'कमी तिखट', 'फक्त पोळ्या' अशा. दुपारी चारला रात्रीची भाजी कळवा आणि सहापर्यंत मागणी घ्या. मागणीइतकी भाजी आधी टाका. दुसऱ्या फोडणीची चिरून ठेवा, पण सातचा रंग पाहूनच गॅस लावा. चिरलेली भाजी फ्रिजमध्ये राहते, फोडणी दिलेली उरली की गेलीच.

तीन महिने असं करून पाहा. तेवढ्यात वही भरली, आणि रोज रात्री बेरजा मारून डोळे दुखायला लागले, की मग सॉफ्टवेअर घ्या. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, 'मंगळवारी सात ते आठ वाजता कोणती भाजी किती गेली, हे यात दिसतं का?' नुसता रंगीत बिलाचा कागद पुढे केला, तर उठून या. आणि हो, गिऱ्हाइकांचे नंबर आणि हिशोब महिन्यातून एकदा दुसरीकडेही उतरवून ठेवा. ओट्यावरचा फोन आमटीत पडायला वेळ लागत नाही.