सहल जवळ न्यावी

आमच्या शाळेची सहल दरवर्षी लांब जाते. यंदा वर्गणी नऊशे रुपये होती. आमच्या वर्गात २३ मुले आहेत, त्यातली ९ आली नाहीत. विचारले तर कोणी म्हणाले पोट दुखत होते, कोणी म्हणाले मामाकडे जायचे होते. पण खरे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. माझे मत आहे की सहल आपल्या धाराशिव जिल्ह्यातच न्यावी. मग सगळे येतील.

कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात काय ठेवलंय? मीपण असंच म्हणत होते. पण दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला यष्टीने तेरला नेले. गोरोबाकाकांचे दर्शन झाले आणि मग रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय पाहिले. लामतुरे तेरचेच. तिथे पाऊस झाला की पांढरीची माती वाहून जाते आणि जुन्या वस्तू वर येतात. दुसऱ्यांना ती खापरं वाटली असती. त्यांनी ती जमवून ठेवली! मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या. एक बाहुली तर आमच्या आजीसारखीच बघत होती. मामा म्हणाला, तेरचे जुने नाव तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पुस्तकात ते आहे. पैठणहून तगरला यायला तेव्हा १० दिवस लागत, आणि इथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई. तेरला हस्तिदंताची छोटी बाहुली सापडली, तशीच एक इटलीत पॉम्पेई गावात राखेखाली सापडली. एवढ्या लांब! आणि आम्ही तेर पाहिलेले नाही.

येडशीचे रामलिंग जवळच आहे. तिथली माकडे हातातली पिशवी ओढतात, म्हणून डबा लपवावा.

नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ साली इब्राहिम आदिलशहाने बोरी नदीच्या बंधाऱ्यातच बांधला. पावसाळ्यात बंधारा भरला की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. पाणी महालावरून पडते आणि आतला माणूस कोरडा राहतो. मी मात्र उन्हाळ्यात लग्नाला गेले होते, तेव्हा नुसता दगड दिसला. सहल जानेवारीत गेली तरी तेच होईल. म्हणून ती पावसाळ्यात न्यावी. गुरुजी म्हणतात, पोरं घसरतात. मग मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरावेत.

पुढच्या पावसाळ्यात मी या शाळेत नसेन, कारण पाचवी दुसऱ्या गावी आहे. पण माझा भाऊ दुसरीत आहे. त्याच्या वर्गात १९ मुले आहेत, ती सगळी गेली पाहिजेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी